तिला कुणी विचारलं नाही, याचा आनंद तिच्यासमोर मानू नका

पत्र

ताई, नमस्कार. मी उदगीरची. माझी मुलगी दोन वर्षं लातूरला होस्टेलवर राहून अकरावी-बारावी शिकली. मेडिकलची नीट परीक्षा देऊन आता घरी आहे. 18 पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत. अभ्यासात बरी, स्वभावानं शांत. तिच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली आणि रात्री मला म्हणाली, "मम्मी, आमच्या ग्रुपमधे सगळ्यांना कोणी ना कोणी हाय. मलाच आजपर्यंत कुणी विचारलं नाही. माझ्यात काय कमी हाय?" मला हसूच आलं. म्हणाले, "बरंच झालं की गं, नाव राखलंस आमचं." ती उठून गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. दिवसभर मोबाइलवर इंग्रजी सिरीज बघते, त्यातल्या शाळेत जो तो जोडीनं फिरायलाय. आरशासमोर फार वेळ उभी राहते. लहानपणापासून घरात सगळे, तिचे पप्पासुद्धा, तिला लाडानं काळूबाई म्हणतात. आता मेडिकलमधून कुठलीशी गोरं व्हायची क्रीम आणून लावायली. माझ्या नणंदबाईंना हे कळलं तर त्या म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यात हे यायलं म्हणजे स्थळं बघायची वेळ झाली." पुढच्या महिन्यात ती संभाजीनगरला कॉलेजला जाणार. एवढ्या चांगल्या पोरीला नसलेल्या गोष्टीचं इतकं दुःख का व्हावं? मी काय बोलू तिच्याशी? आणि हे तिच्या पप्पांना सांगू का?
— एक आई, उदगीर

उत्तर

ताई, बाकीचं सगळं बोलू, पण आधी ती क्रीमची ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. इसबासारख्या त्वचेच्या आजारांवर डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात. चेहऱ्याला रोज लावलं की सुरुवातीला रंग उजळल्यासारखा वाटतो. पुढं कातडी पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, पुरळ येतं, लव वाढते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात. केंद्र सरकारनं 2018 साली अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरीही कितीतरी ठिकाणी नुसतं नाव सांगितलं की ट्यूब हातात मिळते. ती बरेच दिवस लावत असेल तर रागानं ट्यूब फेकून देऊ नका. एकदम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन भडकतो आणि पोरी घाबरून पुन्हा तेच लावतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानं बंद करा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगाचा विभाग आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आत एक चक्कर मारून या.

क्रीमचं आधी लिहिलं, कारण तिनं तुम्हाला जे विचारलं त्याचं उत्तर ती आता त्या ट्यूबमध्ये शोधते आहे. "माझ्यात काय कमी हाय?" असं तिनं विचारलं. उत्तर तिला लहानपणापासून घरातच मिळत आलंय. काळूबाई हा शब्द लाडाचा आहे हे मला कळतं, तुमच्या यजमानांच्या मनात वाईट काही नसणार हेही कळतं. पण चार वर्षांच्या पोरीला लागणारा लाड आणि सतरा वर्षांच्या पोरीच्या कानावर पडणारा शब्द यांत फरक आहे. मैत्रिणींना मुलं विचारतात आणि आपल्याला नाही, हे तिनं त्या शब्दाशी जोडलं असणार. हे नाव घरातून बंद करा. यजमानांना तुम्ही एकट्यात सांगा, "आता ती मोठी झाली, तिला ते लागतंय, नका म्हणू." त्यासाठी बाकीचं काही सांगायची गरज नाही. आणि पाहुण्यारावळ्यांपैकी कुणी तिच्यादेखत म्हणालं तर तिच्यादेखतच थांबवा. मागाहून तिची समजूत काढण्यापेक्षा आईनं समोर तोंड उघडलेलं तिला जास्त लक्षात राहील.

आता तुमच्या हसण्याबद्दल. तुम्हाला हसू का आलं ते मला समजतं. आपल्या भागात मुलीच्या नावापुढं कुणा मुलाचं नाव लागलं की पहिली गदा तिच्या शाळा-कॉलेजवर येते. मोबाइल काढून घेतला जातो, मामाच्या गावी पाठवलं जातं, आणि बघता बघता पत्रिका छापल्या जातात. दोन वर्षं पोर डोळ्यांआड लातूरला ठेवलेली, रोज जीव मुठीत. त्यामुळं "कुणी विचारलं नाही" हे ऐकून तुमचा जीव भांड्यात पडला. पण तिनं तुमच्याकडं मित्र करायची परवानगी मागितली नव्हती. आपण कुणाला आवडण्यासारख्या आहोत का, एवढंच ती विचारत होती. त्यावर तिला मिळालं ते उत्तर असं, की तुझं एकटेपण हीच आमची अब्रू.

ही गोष्ट मी जरा लांबवणार आहे, कारण माझ्याकडं येणाऱ्या पत्रांमध्ये आयांची सगळ्यात मोठी गफलत इथंच दिसते. मुलीचं कुणाशी काही नाही याचं आपण कौतुक करतो. चारचौघांत सांगतो, "आमची नाही बाई तसली, मान वर करून बघत नाही." बोलताना बरं वाटतं. पण ऐकणाऱ्या मुलीला दोन गोष्टी कळतात. एक, तिला ज्याचं वाईट वाटतं त्याचा घरच्यांना आनंद आहे, तेव्हा इथं ते बोलायचं नाही. दुसरी, उद्या तिला कुणी आवडलं तर ती 'तसली' होणार, तेव्हा तेही इथं बोलायचं नाही. म्हणजे नसलं तरी गप्प, असलं तरी गप्प. तुमची मुलगी अजून बोलली, हे तुमचं भाग्य. आपल्याकडं किती मुली आईला येऊन असं विचारतात? कुणी नसणं हा तिचा दोष नाही, आणि ते तिचं पुण्यही नाही. तिच्या चांगलेपणाचा पुरावा म्हणून ते मिरवायचं तुम्ही आधी सोडून द्या. मगच तिला मोकळं बोलता येईल.

बोलणं पुन्हा सुरू कसं करायचं? समोर बसवून "बोल, काय झालंय तुला" असं विचारलंत तर "काही नाही" हेच ऐकायला मिळणार. हातात काम असलं की बरं पडतं. शेंगा फोडायला दोघी बसा, किंवा लातूरच्या डॉक्टरांकडं जाताना एसटीत शेजारी शेजारी बसलेल्या असाल तेव्हा काढा विषय. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही तिथं पोरी बोलतात. सुरुवात तुम्ही करा. "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी हसले. हसायला नको होतं. तुला लागलं असंल." एवढं म्हणून थांबा. ती लगेच काही बोलणार नाही, कदाचित खिडकीतून बाहेर बघत राहील. तुम्हीही गप्प बसा. लगेच "तू किती हुशार आहेस, तुला तर राजकुमार मिळंल" वगैरे सुरू करू नका. तिला राजकुमार नकोय, कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय. बोलली तर मधेच उपदेश नको, आणि तिच्या मैत्रिणींना नावं ठेवणं तर मुळीच नको. तुम्ही त्यांना वाया गेलेल्या म्हणालात की ती त्यांची बाजू घेणार आणि बोलणं तिथंच संपणार.

अजून एक. बोलता बोलता तिनं एखाद्या मुलाचं नाव घेतलं, क्लासमधला कुणी आवडत होता असं सांगितलं, तर तुमच्या ओठांवर पहिला प्रश्न येईल, "आडनाव काय त्याचं? कुणाचा आहे?" तो गिळा. आडनाव विचारलं की तिला कळतं, आईला माझ्या मनाचं नव्हे, जातीचं पडलंय. मनातल्या मनात आवडलेला मुलगा, ज्याला त्याचा पत्ताही नाही, त्याची जात काढून तुम्हाला करायचंय काय? "काय आवडायचं गं त्याचं?" असं विचारा. ती काय सांगते त्यावरून तुमच्या लेकीला माणसांतलं काय भावतं हे तुम्हाला पहिल्यांदा कळेल. तो फार मोलाचा ठेवा आहे.

त्या सिरीजबद्दल. त्यात अमेरिकेतली हायस्कूलं दाखवतात, आणि आपल्या मुलांना वाटतं की जगात सगळीकडं सोळाव्या-सतराव्या वर्षी जोडीदार असतोच, मागं राहिलो ते आपणच. खुद्द अमेरिकेतलं चित्र तसं नाही. प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या संशोधन संस्थेनं 2015 साली 13 ते 17 वयाच्या तिथल्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. कधी ना कधी डेटिंग केलंय किंवा कुणाशी तसं नातं होतं असं सांगणारी मुलं 100 मध्ये 35 होती. म्हणजे जिथं याला कुणाची आडकाठी नाही, तिथंही बहुतेक मुलं तुमच्या लेकीसारखीच. पुढं 2019 मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या ब्रुक डग्लस आणि पामेला ऑर्पिनास यांनी डेटिंग न करणाऱ्या दहावीच्या मुलांचा अभ्यास मांडला. ही मुलं एकलकोंडी किंवा मागं पडलेली असतील असा समज होता. प्रत्यक्षात मैत्रीत, घरच्या नात्यांत ती इतरांपेक्षा कुठं कमी नव्हती. चारचौघांत वागण्यात आणि पुढाकार घेण्यात शिक्षकांनी त्यांना जास्त गुण दिले, आणि त्यांच्यात उदासीही कमी आढळली. हे आकडे तिला सांगा, पण त्याच रात्री तोंडावर फेकू नका. आधी तिचं ऐकून झालेलं असू द्या. दुखऱ्या माणसाला लगेच हिशेब दाखवला की तो हिशेबच खोटा वाटतो.

आणि तिची ती दोन वर्षं आठवा. सकाळी उजाडायच्या आत क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट, रात्री मेसचा डबा आणि पुन्हा अभ्यासिका. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. 720 मार्कांच्या एका पेपरसाठी सगळा दिवस बांधलेला. यात कुणाची ओळख व्हायची कधी? ज्या मैत्रिणींना कोणी आहे, त्यांचंही बरंचसं रात्रीच्या मेसेजवर आणि स्टेटसवर चालतं. त्या वयात मुलं कुणाला विचारतात याला फारसा अर्थ नसतो. पैज लावून विचारतात, जी हसून बोलते तिला विचारतात, ग्रुपमधल्या दुसऱ्यानं विचारलं म्हणून विचारतात. शांत बसणारी, नाकासमोर चालणारी मुलगी त्यांच्या नजरेत येत नाही, आणि आली तरी तिच्याशी बोलायचं धाडस होत नाही. यावरून कुणाची किंमत ठरत नाही. हे तिला तुमच्या शब्दांत सांगा.

(मुलांच्या आयांसाठीही इथंच लिहिते. "तुझ्याच्यानं काही होत नाही" म्हणून मित्र चिडवतात ते मुलांनाही फार लागतं. ते घरी सांगत नाहीत, आणि मग ईर्षेला पेटून एखाद्या मुलीच्या मागं गाडी घालतात. मुलीची इच्छा नसताना तिचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. मुलगी 18 च्या आतली असेल तर तिची संमती कायदा धरत नाही, 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. मुलालाही जवळ बसवून हे सांगायला हवं. आणि कुणी मैत्रीण नसली तरी तू काही कमी ठरत नाहीस, हेही सांगायला हवं.)

आता मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते सांगते. तुम्हाला वाटतंय, आजवर काही नाही म्हणजे पोर सुरक्षित आहे. पण आपल्याला कुणीच पसंत करणार नाही असं जिच्या मनानं घेतलंय, ती मुलगी पुढच्या महिन्यात मोठ्या शहरात एकटी राहायला जाणार आहे. तिथं जो पहिला म्हणेल, "तू मला आवडतेस," त्याला ती पारखून घेईल का? तहानलेल्याला पाणी गाळून प्यायचं भान राहत नाही. मुलींना जाळ्यात ओढणाऱ्यांना अशा पोरी बरोबर ओळखू येतात. म्हणून तिला बंधनं घालून पाठवण्यापेक्षा तिची किंमत तिला सांगून पाठवा.

जाण्याआधी काही गोष्टी तिच्या कानावर घाला. एका बैठकीत नको, जमेल तसं. कुणी आवडतो म्हणाला म्हणून आपल्याला तो आवडायलाच हवा असं नाही. "विचार करून सांगते" म्हणायचा हक्क तिला आहे, आणि ते ऐकून जो चिडतो त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. मैत्रिणी तोड, मोबाइलचा पासवर्ड दे, कुठं आहेस त्याचा फोटो पाठव, असं जो म्हणतो त्याला ती आवडत नसते, त्याला ताबा हवा असतो. कसलेही उघडेवाघडे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत, कितीही विश्वास असला तरी. आणि चुकून पाठवले, कुणी धमकावलं, तर पहिला फोन आईला. हे सांगताना शब्द द्या, "मी ओरडणार नाही, तुझं कॉलेज बंद करणार नाही." हा शब्द देताना नीट विचार करा, कारण वेळ आली तर पाळावा लागेल. अशा धमक्यांची तक्रार 1930 या सायबर हेल्पलाइनवर करता येते. तिच्याजवळ स्वतःचं बँकेचं खातं आणि परतीच्या गाडीपुरते पैसे कायम असू द्या. म्हणजे कुठं अवघडलं तर तिला कुणाच्या गाडीवर बसायची वेळ येणार नाही.

मुलांशी साधं बोलायची सवयही लागू द्या. कॉलेजात एनएसएस असतं, वक्तृत्वाच्या, नाटकाच्या स्पर्धा असतात, खेळ असतो. तिथं मुलं-मुली मिळून काम करतात, उन्हात खुर्च्या उचलतात, भांडतात, पुन्हा बोलतात. मुलगा म्हणजे एक तर भीती नाही तर प्रेम, एवढंच नसतं हे तिला तिथं कळेल. घरी कधी प्रोजेक्टसाठी एखाद्या मुलाचा फोन आला तर भुवया चढवू नका.

हेही असू शकतं की तिला आत्ता मुळात कुणी नकोच आहे, फक्त सगळ्यांना आहे म्हणून टोचतंय. काहींना ही ओढ उशिरा येते, काहींना फारशी येतच नाही, काहींना मुलांऐवजी मुलींविषयी वाटते. तुम्ही खोदून विचारू नका. "तुला जे वाटतं ते मला सांगता येईल" एवढं तिला पक्कं कळलेलं पुरे.

नणंदबाईंच्या स्थळाचं. याला थारा देऊ नका, अगदी बोलाचालीतसुद्धा. 2006 च्या कायद्यानं मुलीचं 18 च्या आत लग्न लावून देणं गुन्हा आहे. त्याला 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. चार महिन्यांनी 18 पूर्ण होतील म्हणून प्रश्न मिटत नाही. तिनं मनातलं एक दुःख सांगितलं, त्यावर तिला नवरा शोधून देणं हे उत्तर होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या साधारण 22 टक्के मुलींची लग्नं 18 च्या आत झालेली आढळली. आपल्या परभणी जिल्ह्यात तो आकडा 48 टक्क्यांच्या आसपास होता. त्यातल्या कितीतरी लग्नांमागं "पोरीच्या डोक्यात काही यायच्या आत" हीच भीती असते. नणंदबाईंना सरळ सांगा, "ती शिकायला चाललीय, स्थळाचा विषय घरात काढायचा नाही." एकदा ठाम सांगितलं की पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. आणि घरातून फारच रेटा आला तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर मदत मागता येते.

एवढं करूनही ती जेवणं टाळत असेल, रात्र रात्र जागत असेल, मैत्रिणींनाही टाळायला लागली असेल किंवा "माझा काही उपयोग नाही" असं वारंवार म्हणत असेल, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक भेटतात. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हा नंबर तिच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा.

शेवटचा प्रश्न, पप्पांना सांगू का? आधी तिला विचारा. गोष्ट तिची आहे, तिनं ती तुमच्यापाशी ठेवली. ती हो म्हणाली तर जरूर सांगा, बापानं लेकीचं ऐकून घेतलं तर तिला फार मोठा आधार होईल. नको म्हणाली तर नका सांगू. पण इथं एक अडचण आहे ताई. तुम्ही लिहिलंय, "नणंदबाईंना हे कळलं." त्यांना कुणी सांगितलं ते लिहिलेलं नाही. तुमच्याकडूनच गेलं असेल, तर आज ना उद्या ते त्यांच्या तोंडून तुमच्या यजमानांपर्यंत जाणार, आणि मग लेकीच्या कानावर. त्याआधी तुम्हीच तिला सांगा की आत्यापाशी मी बोलून गेले, माझं चुकलं. ती रागावेल. रागावू द्या, आणि यजमानांना सांगायचं की नाही ते त्यानंतर तिलाच ठरवू द्या.